गरिबाच्या दुखण्याची हमी

रोग हत्तीच्या पावलांनी येतो आणि मुंगीच्या पावलांनी जातो, अशी एक जुनी म्हण आहे. म्हण रचणाऱ्याने रोगाचे येणे पाहिले आणि जाणेही पाहिले. परंतु जाताना तो घरातून काय काय घेऊन जातो, ते मात्र त्या म्हणीत आलेले नाही. गृहिणीच्या गळ्यातले डोरले, दावणीची दुभती गाय, मुलीच्या लग्नासाठी पोस्टात ठेवलेली शिल्लक आणि कित्येकदा थोरल्या मुलाची शाळा, इतक्या गोष्टी एका दुखण्याबरोबर घराबाहेर पडतात.

बेळगावनजीकच्या खेड्यात राहणाऱ्या एखाद्या गवंड्याचे उदाहरण घ्यावे. परांचीवरून पाय घसरून तो पडतो व त्याच्या मांडीचे हाड मोडते. त्याच क्षणी त्या कुटुंबावर तीन बाजूंनी आघात होतो. त्याची रोजची मजुरी बंद पडते. त्याच्या उशाशी बसावे लागते म्हणून पत्नीचीही मजुरी बुडते. आणि जेव्हा घरात काहीच येत नाही, नेमक्या त्या वेळी शस्त्रक्रियेसाठी मोठी रक्कम उभी करावी लागते. ही रक्कम सावकाराकडून किंवा मुकादमाकडून येते. मोडलेले हाड काही महिन्यांत सांधते. व्याज मात्र वर्षानुवर्षे चालू राहते. दारिद्र्यामुळे आजार येतो आणि आजारामुळे दारिद्र्य वाढते, हे दुष्टचक्र आपल्या देशातील असंख्य घरांत फिरत आले आहे. ते थांबविण्याचा जो एक मार्ग गेल्या दोन दशकांत शासनाने अवलंबिला, त्याचे नाव सरकारी आरोग्य विमा. हा विमा म्हणजे काय, तो कोणास मिळतो, कसा मिळतो आणि कोठे अपुरा पडतो, हे समजून घेणे प्रत्येक सुशिक्षित माणसाचे कर्तव्य आहे. कारण ज्याला त्याची गरज आहे, त्याला बहुधा वर्तमानपत्र वाचण्यास सवड नसते.

विम्याचे तत्त्व

विम्याचे मूळ तत्त्व आपल्या समाजाला अपरिचित नाही. गल्लोगल्ली भिशी चालते. दहा-वीस जणी दरमहा ठरावीक रक्कम एकत्र करतात आणि ज्या बाईची पाळी येईल तिला ती सबंध रक्कम मिळते. विमा या भिशीचाच भाऊबंद. भेद इतकाच की भिशीत प्रत्येक जण आपल्या पाळीची वाट पाहतो, तर विम्यात आपली पाळी कधीच येऊ नये अशी प्रत्येकाची प्रार्थना असते.

समजा, एका गावात एक हजार कुटुंबे आहेत आणि प्रत्येकाने वर्षाकाठी पाचशे रुपये दिले. पाच लाखांचा निधी उभा राहिला. त्या वर्षी दहा कुटुंबांत प्रत्येकी पन्नास हजारांचे दुखणे उद्भवले, तर तो निधी नेमका पुरतो. ज्या कुटुंबावर पन्नास हजारांचा डोंगर कोसळला असता, त्याच्या वाट्याला पाचशेच रुपये आले. उरलेल्या नऊशे नव्वद कुटुंबांना आपले पैसे वाया गेले असे वाटणे चुकीचे ठरेल. त्यांनी त्या पाचशे रुपयांत वर्षभराची निश्चिंती विकत घेतली.

परंतु ज्याला पाचशे रुपयेही बाजूला काढता येत नाहीत त्याने काय करावे? व्यापारी तत्त्वावर चालणारा विमा त्याच्या उपयोगी पडत नाही. वय जितके अधिक, आजार जितका जुना, तितका हप्ता मोठा. म्हणजे ज्याला विम्याची निकड सर्वांत अधिक, त्यालाच तो सर्वांत दुर्लभ! हा पेच सुटण्यासाठी गरिबाचा हप्ता सर्वांनी मिळून, म्हणजेच शासनाने सार्वजनिक तिजोरीतून भरणे, हाच उपाय उरतो.

कल्पनेचा प्रवास

ही कल्पना आजची नव्हे. जर्मनीत चॅन्सेलर बिस्मार्क यांच्या कारकीर्दीत १८८३ साली कामगारांच्या आजारविम्याचा कायदा झाला. ब्रिटनने १९११ मध्ये राष्ट्रीय विमा कायदा केला आणि १९४८ पासून सर्वांसाठी करावर आधारलेली राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली. हिंदुस्थानात सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ साली अहवाल सादर केला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारास मुकू नये, हे तत्त्व त्या अहवालाच्या मुळाशी होते. १९४८ मध्ये कामगार राज्य विमा कायदा संमत झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे त्याची अंमलबजावणी सुरू झाली.

तथापि कामगार विमा हा कारखान्याच्या हजेरीपटावर नाव असलेल्यांचा विमा होता. शेतमजूर, गवंडी, मासळी विकणारी बाई, धुणीभांडी करणारी मोलकरीण, हातगाडीवाला यांची हजेरी मांडणारा कोणी नव्हता. सबब त्यांचा विमाही नव्हता. या मोठ्या वर्गासाठीचे प्रयत्न प्रथम दक्षिणेत जोमाने झाले. कर्नाटकात सहकारी संस्थांच्या सभासद शेतकऱ्यांसाठी २००३ मध्ये ‘यशस्विनी’ योजना कार्यान्वित झाली. तेव्हाच्या आंध्र प्रदेशात २००७ साली महबूबनगर, अनंतपूर व श्रीकाकुलम या तीन जिल्ह्यांपासून ‘आरोग्यश्री’ सुरू झाली. केंद्र सरकारने २००८ मध्ये ‘राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना’ आणली. तीत पाच जणांच्या कुटुंबास वर्षाला तीस हजार रुपयांपर्यंतचे संरक्षण होते व नोंदणीसाठी कुटुंबाने केवळ तीस रुपये द्यावयाचे होते. गुजरातने २०१२ मध्ये ‘मुख्यमंत्री अमृतम्’ आरंभिली. त्याच वर्षी महाराष्ट्रात आठ जिल्ह्यांत ‘राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना’ सुरू झाली. पुढे ती सर्व राज्यभर पसरली आणि २०१७ पासून महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाने चालू लागली.

या सर्व प्रयत्नांच्या अनुभवावर २३ सप्टेंबर २०१८ रोजी ‘आयुष्मान भारत – प्रधानमंत्री जन आरोग्य योजना’ रांची येथून देशभर सुरू करण्यात आली. या योजनेने पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांची हमी दिली. कुटुंबातील माणसांच्या संख्येस मर्यादा नाही, वयाची अट नाही, आणि विम्यापूर्वी जडलेला आजारही पहिल्या दिवसापासून ग्राह्य धरला जातो. पाच लाखांची ही रक्कम सबंध कुटुंबाची आहे. एकट्याच्या आजारास ती सर्व लागो किंवा चौघांत वाटली जावो. बहुतेक राज्यांत तिचा खर्च केंद्राने साठ व राज्याने चाळीस टक्के या प्रमाणात उचलावयाचा आहे. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी केंद्राचा वाटा नव्वद टक्के ठेवला आहे.

पात्र कोण?

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गरीब असणे आणि योजनेच्या यादीत असणे या दोन गोष्टी एकच नव्हेत. केंद्राने मूळ यादी २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातिगणनेवरून केली. ग्रामीण भागात कच्च्या भिंतींच्या एकाच खोलीत राहणारे, सोळा ते एकोणसाठ वर्षांचे प्रौढ माणूस नसलेले, या वयाचा पुरुष नसून स्त्रीच कुटुंबप्रमुख असलेले, अपंग व्यक्ती असून धडधाकट प्रौढ नसलेले, अनुसूचित जाती-जमातींचे आणि भूमिहीन राहून अंगमेहनतीच्या मजुरीवर जगणारे, अशी कुटुंबे तीत आली. बेघर, भिक्षेकरी व वेठबिगारीतून मुक्त झालेल्यांचा समावेश आपोआप झाला. शहरात मात्र घराऐवजी धंदा पाहिला गेला. कचरा वेचणारे, मोलकरणी, फेरीवाले, चांभार, बांधकाम मजूर, सफाई कामगार, शिंपी, रिक्षा ओढणारे, धोबी, पहारेकरी असे अकरा व्यवसायगट ठरविण्यात आले. आरंभी अशी सुमारे पावणेअकरा कोटी कुटुंबे गणली गेली. २०२२ मध्ये ही संख्या बारा कोटींवर नेण्यात आली. २०२४ मध्ये आशा व अंगणवाडी सेविकांचा समावेश झाला आणि त्याच वर्षीच्या २९ ऑक्टोबरपासून सत्तर व त्याहून अधिक वयाच्या सर्व नागरिकांना, उत्पन्न कितीही असो, हे संरक्षण लागू झाले.

२०११ नंतर ज्याचे घर खचले, ज्याचा धंदा बसला किंवा जो परगावी पोटासाठी गेला, त्याचे नाव जुन्या यादीत असेलच असे नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी अनेक राज्यांनी आपापल्या शिधापत्रिकाधारकांना स्वतःच्या खर्चाने जोडून घेतले. त्यामुळे कोणाचा हक्क केंद्राच्या यादीवरून आहे आणि कोणाचा राज्याच्या, हा भेद निर्माण झाला. वरवर किरकोळ दिसणारा हा भेद सीमेवर राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने अतिशय महत्त्वाचा आहे.

राज्याराज्यांतील स्थिती

महाराष्ट्राबाहेर पिढ्यानपिढ्या नांदणाऱ्या मराठी कुटुंबांना आपापल्या राज्याची व्यवस्था ठाऊक असली पाहिजे. गोव्यात २०१६ पासून ‘दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना’ आहे. तिचे वैशिष्ट्य असे की ती केवळ गरिबांपुरती नाही. पाच वर्षे गोव्यात वास्तव्य असलेल्या कुटुंबांसाठी, सरकारी नोकर वगळून, ती खुली ठेवण्यात आली. तिघांपर्यंतच्या कुटुंबास अडीच लाख व त्याहून मोठ्या कुटुंबास चार लाख असे तिचे संरक्षण ठरले. कर्नाटकात २०१८ पासून केंद्राची व राज्याची योजना एकत्र चालते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास पाच लाखांपर्यंत, तर इतरांस ठरलेल्या दराच्या तीस टक्के साहाय्य, वर्षाला दीड लाखाच्या मर्यादेत, असे तिचे स्वरूप ठरले. तेथे तातडीचा प्रसंग सोडल्यास आधी सरकारी रुग्णालयात जाऊन तेथील शिफारसपत्र घ्यावे लागते. ते न घेता थेट खासगी रुग्णालयाची पायरी चढणाऱ्यास परत फिरावे लागते. गुजरातने जुलै २०२३ मध्ये आपल्या कुटुंबांची मर्यादा पाच लाखांवरून दहा लाख केली. तेलंगणानेही डिसेंबर २०२३ मध्ये आरोग्यश्रीची मर्यादा दहा लाखांपर्यंत वाढविली. मध्य प्रदेशात केंद्राच्या यादीबरोबरच अन्नसुरक्षेखालील व ‘संबल’ योजनेतील कुटुंबे जोडण्यात आली. इंदूर-ग्वाल्हेरकडील मजूरवर्गास याचा उपयोग आहे.

केंद्राच्या यादीतील कुटुंबाला योजनेत सामील असलेल्या कोणत्याही राज्यातील संलग्न रुग्णालयात उपचार घेता येतात. इंदूरच्या मजुरास हैदराबादेत अपघात झाला, तरी त्याचे कार्ड तेथे चालावे, असा नियम आहे. परंतु ज्याचा हक्क केवळ राज्याच्या योजनेतून आला आहे, त्याचे संरक्षण बहुधा राज्याच्या हद्दीवर थांबते. आजार मात्र ही हद्द मानीत नाही. चंदगडकडील रोगी बेळगावास येतो, कारण ते त्याला कोल्हापूरपेक्षा जवळ पडते. सावंतवाडी-दोडामार्गचा रोगी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जातो. १८४२ साली स्थापन झालेल्या या जुन्या विद्यालयाने कोकणातील कित्येक पिढ्यांवर उपचार केले आहेत. जानेवारी २०१८ पासून गोवा सरकारने परराज्यातील रुग्णांना शुल्क लावले, तेव्हा दक्षिण सिंधुदुर्गात मोठी अस्वस्थता पसरली आणि महाराष्ट्राच्या योजनेचा लाभ बांबोळीस मिळावा अशी मागणी पुढे आली. याउलट २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने महात्मा फुले योजना कर्नाटकातील ८६५ सीमावर्ती गावांना लागू करण्याचा निर्णय घेतला, त्यास कर्नाटक सरकारने आक्षेप घेतला. सीमाप्रश्नाचा निवाडा न्यायासनासमोर होईल तेव्हा होवो. तापाने फणफणलेल्या मुलाला घेऊन निघालेल्या आईपुढे तो प्रश्न उभा राहू नये, एवढी अपेक्षा कोणत्याही पक्षाच्या माणसाला मान्य व्हावी.

हक्क बजावावा कसा?

तहान लागल्यावर विहीर खणू नये, हा या बाबतीतला पहिला नियम. कार्ड आजारापूर्वी काढून ठेवावे. आधारपत्र आणि शिधापत्रिका घेऊन नजीकच्या सेवा केंद्रात किंवा संलग्न रुग्णालयात गेल्यास यादीत नाव आहे की नाही ते पाहता येते व ओळख पटवून कार्ड मिळते. घरात नवी सून आली किंवा मूल जन्मले, तर त्यांची नावेही वेळीच जोडून घ्यावीत.

या ठिकाणी पुष्कळांची गाडी अडते ती नावाशी. आपल्याकडे लग्नानंतर मुलीचे नाव बदलण्याची रीत अनेक घरांत आहे. मग आधारपत्रावर माहेरचे नाव आणि शिधापत्रिकेवर सासरचे, असा घोळ होतो. ख्रिस्ती कुटुंबांत बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर एक नाव, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि आडनावाची अक्षरे प्रत्येक कागदावर निराळी, असे सर्रास आढळते. निरोगी माणसाला ही विसंगती क्षुल्लक वाटते. परंतु यंत्राला मावशी आणि भाची यांतला फरक कळत नाही, त्याला केवळ अक्षरे कळतात. म्हणून प्रकृती ठीक असतानाच सर्व कागदांवरील नाव, जन्मवर्ष व पत्ता सारखे करून घ्यावेत.

रुग्णालयात गेल्यावर प्रथम ‘आरोग्यमित्र’ गाठावा. योजनेशी संलग्न असलेल्या रुग्णालयात या मदतनिसाची बैठक असते. तो कार्ड तपासतो, डॉक्टरांनी सुचविलेला उपचार मंजुरीसाठी पाठवितो व मंजुरी आली की उपचार सुरू होतात. योजनेत एकोणीसशेहून अधिक उपचार असून प्रत्येकाचा दर आधीच ठरविलेला आहे. त्या दरात खाट, औषधे, तपासण्या, शस्त्रक्रिया, भोजन हे सर्व धरलेले असते. दाखल होण्यापूर्वीच्या तीन दिवसांचा आणि घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांचा खर्चही त्यात येतो. म्हणून “योजना आहे, पण औषधे बाहेरून आणा” असे कोणी सांगितले, तर लेखी पावती मागावी आणि १४५५५ या निःशुल्क दूरध्वनीवर तक्रार नोंदवावी. घरी जाताना शिल्लक हक्काची नोंद व उपचारांचा कागद मागून घ्यावा.

जे पदरात पडत नाही

आता या व्यवस्थेची दुसरी बाजू पाहू. हा विमा रुग्णालयात दाखल झालेल्या रोग्याचा आहे. दवाखान्यात जाऊन औषध घेऊन परतणाऱ्याला, मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांना, रक्तदाबाच्या औषधांना, निव्वळ निदानापुरत्या तपासण्यांना तो लागू होत नाही. वस्तुतः भारतीय कुटुंबांच्या खिशातून जाणाऱ्या वैद्यकीय खर्चाचा मोठा भाग अशा बाह्यरुग्ण उपचारांवर आणि औषधांवरच जातो. देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी पदरमोड करून केलेल्या खर्चाचा वाटा शासकीय हिशेबानुसार २०१३-१४ मध्ये चौसष्ट टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये सुमारे एकोणचाळीस टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्ह आहे. तरीही शंभरातले एकोणचाळीस रुपये घरातूनच जातात, हे विसरता येत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या परवडत नाहीत म्हणून ज्या माणसाने त्या सोडल्या, त्याला पक्षाघात झाल्यावर मात्र लाखांचा उपचार फुकट मिळतो. यात शहाणपण किती, याचा विचार होणे अगत्याचे आहे. गावचे प्राथमिक आरोग्य केंद्र बळकट नसेल, तर विमा हा गळक्या छपराखाली ठेवलेल्या घागरीसारखा ठरतो.

दुसरी अडचण रुग्णालयांची. दर कमी आणि बिले उशिरा मिळतात, अशी खासगी रुग्णालयांची जुनी तक्रार आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये हरियाणातील अनेक खासगी रुग्णालयांनी थकलेल्या रकमांपायी योजनेखालील उपचार थांबविले होते. पैसा शासनाने थकवायचा आणि परत फिरायचे ते रोग्याने, असा हा न्याय! याउलट लोभाचाही धोका आहे. अहमदाबादेतील एका खासगी रुग्णालयात मेहसाणा जिल्ह्यातील खेडुतांवर गरज नसता हृदयाचे उपचार करून योजनेतून पैसे उकळल्याचा आरोप नोव्हेंबर २०२४ मध्ये झाला. त्यातील दोघे मरण पावले होते. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच दूरध्वनी क्रमांकाला जोडलेले आढळले, तसेच योजनेच्या नोंदींत आधीच मृत दाखविलेल्या रुग्णांच्या उपचारांचे पैसे दिले गेल्याचेही दिसून आले. या गोष्टींवरून योजना वाईट ठरत नाही. परंतु जेथे सार्वजनिक पैसा वाहतो, तेथे पहारा हवा, हे त्यांवरून सिद्ध होते. ज्या उपचाराची शिफारस झाली, तो का हवा, हे विचारण्याचा अधिकार कार्डधारकालाही आहे. उपचार विनामूल्य असला, तरी देह त्याचाच असतो.

शेजाऱ्याचे काम

बायबलात चांगल्या शोमरोनी माणसाचा एक दृष्टांत आहे. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या एका अनोळखी वाटसरूला तो आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो. दुसऱ्या दिवशी निघताना तो तेथील माणसाच्या हाती दोन नाणी ठेवतो आणि अधिक खर्च झाल्यास परतीच्या वेळी फेडण्याचे वचन देतो. या कथेतील दयेची वाखाणणी पुष्कळांनी केली आहे. परंतु त्यात एक व्यवहारही आहे. जखमीला कोणी पैसे मागितले नाहीत, त्याची जात विचारली नाही, आणि पैसे कोण भरणार हे उतारशाळेच्या धन्याला आधीच ठाऊक होते. सरकारी आरोग्य विमा चांगला चालतो तेव्हा यापेक्षा वेगळे काही घडत नसते. शासन खर्चाचे वचन देते आणि रुग्णालय शुश्रूषा करते.

मात्र शासन जखमीला वाटेवरून उचलून आणीत नाही. ते काम शेजाऱ्याचे. यादीत नाव असून ते ठाऊक नसलेली, कार्ड असून कोणत्या रुग्णालयात चालते हे न समजलेली, नावातल्या एका अक्षरापायी अडलेली अशी कुटुंबे प्रत्येक गल्लीत आहेत. वाचनालये, महिला मंडळे, देवळे, चर्च आणि शाळा यांनी वर्षातून एकदा आपल्या परिसरातील घरांची अशी विचारपूस केली, तर फार थोड्या श्रमांत फार मोठे काम होईल. आठवीतल्या मुलाला आधारपत्र व शिधापत्रिका शेजारी ठेवून दोन्हींवरील नावे ताडून पाहता येतात. शेजारच्या मोलकरणीच्या घरी जाऊन त्याने एवढे केले आणि चुकलेले अक्षर वेळीच दुरुस्त झाले, तर पुढे कधीतरी त्या घरातले डोरले सराफाकडे जायचे वाचेल.